चहाला उठलं की बंद पडणारा कॉम्प्युटर

पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. वय ५७. घरातूनच डीटीपीचं काम करतो: लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका. जूनच्या पहिल्या पावसात लाइट चार-पाच वेळा गेली-आली आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. मी साडेनऊ हजारांचा नवा बी-५५० बोर्ड आणला आणि व्हिडिओ बघून स्वतःच बसवला. बाकी सगळं जुनंच आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या चार स्टिक आहेत, दोन पहिल्यापासूनच्या ३२०० वेगाच्या आणि दोन नंतर लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या २६६६ च्या. व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी चालू केलं.

तेव्हापासून रोज दोन-तीनदा बंद पडतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी फाइल उघडली की निळी स्क्रीन येते, त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असं काहीतरी असतं. कधी काम करताना काहीच होत नाही, पण मी चहाला उठलो की परत येईपर्यंत आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालेला असतो. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, पण त्या आधीपासूनच येतात. प्रोसेसरचं तापमान ६२ अंशांच्या वर जात नाही.

एक जण म्हणतो फॉरमॅट मारा, दुसरा म्हणतो एसएमपीएस बदला, तिसरा म्हणतो रॅम बदला. बोर्डवाला म्हणतो बोर्ड चांगला आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, बसवताना तुम्हीच काहीतरी घोळ केलात.' गणपतीची कामं डोक्यावर आहेत. बोर्ड परत करू का? की खरंच मीच बिघडवला?

उत्तर

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. पत्रात जे लिहिलंय त्यात तुम्ही बोर्ड बिघडवल्याची एकही खूण मला दिसत नाही. बसवताना मोठी चूक झाली असती तर बोर्ड बहुधा चालूच झाला नसता. पंखा एकदा फिरून थांबला असता, नाहीतर स्क्रीनवर काहीच आलं नसतं. तुमचा चालू होतो आणि तासन्‌तास काम करतो. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात. उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली की कूलर त्याला घट्ट चिकटून बसतो आणि सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. रोज हेच काम करणाऱ्यांच्या हातूनही हे होतं. तुम्ही तो जुन्या बोर्डावरून सुखरूप काढलात, नव्यावर बसवलात, पेस्ट लावलीत आणि तापमान ६२ वर राहिलं. मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा.

आता आजाराकडे वळू. तुम्ही एका आजाराचं औषध विचारलंय, पण मला पत्रात दोन आजार दिसतात. तुम्हाला सल्ला देणारे सगळे एकेका लक्षणावर बोलताहेत, म्हणून त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. काम जोरात असताना निळी स्क्रीन येणं ही एक गोष्ट. काहीच काम नसताना, तुम्ही चहाला उठल्यावर, निळी स्क्रीन न येता रिस्टार्ट होणं ही दुसरी. हे चहाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी हे स्वतः पडताळून बघा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर' नावाच्या, ४१ क्रमांकाच्या लाल नोंदी दिसतील. बरेच जण ही नोंद बघून 'पॉवरचा प्रॉब्लेम, एसएमपीएस बदला' असं सांगून मोकळे होतात, आणि ते मला मनापासून खटकतं. ४१ चा अर्थ इतकाच की कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला. कारण तो आकडा सांगत नाही. नोंदीवर क्लिक करून डीटेल्सचं पान उघडा आणि 'बगचेक कोड' ही ओळ शोधा. मेमरी मॅनेजमेंटची निळी स्क्रीन आली असेल तर तिथे २६ असेल. निळी स्क्रीन न येताच वीज तुटल्यासारखा बंद पडला असेल तर ० असेल. एका वहीत तारीख, वेळ, हा आकडा आणि त्या वेळी तुम्ही काय करत होता ते लिहा. कामाच्या वेळच्या नोंदींपुढे २६ आणि चहाच्या वेळच्या नोंदींपुढे ० आले, तर आजार दोन आहेत हे तुमच्याच अक्षरात समोर दिसेल.

पहिला आजार रॅमचा, म्हणजे खरं तर रॅमच्या वेगाचा. स्टिकवर ३२०० छापलेलं असलं तरी ती बहुधा आपणहून त्या वेगानं चालत नाही. साध्या सेटिंगवर ती तिच्या मूळ, कमी वेगानं चालते. कंपनीनं स्टिकमध्ये साठवून ठेवलेला जास्त वेग वापरायचा तर एक्सएमपी चालू करावं लागतं. जुन्या बोर्डावर तुम्ही ते कधी चालू केलं नसावं, म्हणून चारही स्टिक सगळ्यात संथ स्टिकच्या चालीनं वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदल्या. आता तुम्ही सगळ्यांना ३२०० वर पळायला लावलंत. त्यातल्या दोन २६६६ साठीच बनलेल्या आहेत. शिवाय चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा ताण वाढतो. दोन स्टिक असताना या प्रोसेसरला ३२०० अधिकृतपणे चालतं, चार असताना कंपनीची स्वतःची मर्यादाही खाली येते. तुमचा बोर्ड किंवा रॅम खराब असेलच असं नाही. न जमणारं काम त्यांच्याकडून करून घेतलं जातंय.

म्हणून पहिला उपाय बिनखर्ची. रिस्टार्ट करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस उघडेल. तिथे एक्सएमपी बंद करा. काही बोर्डांवर त्याला ए-एक्सएमपी किंवा डीओसीपी म्हणतात, गोष्ट तीच. एफ-१० दाबून सेव्ह करा. त्या दिवशी दुसरं काहीही बदलू नका. हे पुन्हा सांगते, कारण घाईत असलेला माणूस एका संध्याकाळी पाच गोष्टी बदलतो. मग बरं वाटलं तरी कशानं ते कळत नाही आणि महिन्यानं परत बिघडलं की पाटी कोरी असते.

एक्सएमपी बंद केल्यावर निळ्या स्क्रीन थांबल्या तरी एक रात्र मेमटेस्ट८६ प्लस चालवा. फुकट मिळतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हवर टाकून घ्यायचा आणि आपला कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. बत्तीस जीबीची एक पूर्ण फेरी व्हायला काही तास लागतात, म्हणून जेवणं झाल्यावर लावा आणि झोपा. सकाळी चुकांच्या रकान्यात ० हवा. एक चूक आली तरी ती चूकच, 'लाखात एक चालायची' असं इथे नसतं. चूक आली तर एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून प्रत्येकीची वेगळी परीक्षा घ्या. एखादी एकटीही नापास झाली तर ती खराब. कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का बघा. सगळ्या एकेकट्या पास होऊन एकत्र नापास झाल्या, तर पहिल्या दोन ३२०० च्या स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवा आणि उरलेल्या दोन कपाटात. पत्रिका आणि अहवालांना सोळा जीबी पुरतात. मग त्या दोघींवर एक्सएमपी चालू करून पाहायलाही हरकत नाही, मेमटेस्ट मात्र परत लावायचा.

इथे मला तुमची खरी काळजी वाटते, आणि ती कॉम्प्युटरची नाही, तुमच्या फाइलींची आहे. काही वर्षांपूर्वी वाशीचा एक फोटोग्राफर माझ्याकडे आला होता. लग्नाच्या फोटोंमध्ये खालच्या बाजूला गुलाबी-हिरव्या आडव्या पट्ट्या येत होत्या. नवरीच्या कपाळावरची मुंडावळी ठीक, पण हनुवटीपासून खाली सगळं चित्र सरकलेलं. त्याला दोन दुकानांनी दोनदा हार्डडिस्क बदलून दिली होती. डिस्कमध्ये काहीच दोष नव्हता. कार्डवरून डिस्कवर जाताना फोटो रॅममधून जातो, आणि रॅमची एक स्टिक अधूनमधून एखादा आकडा उलटा लिहीत होती. कॉपी झाली, मेसेज आला नाही, त्यानं कार्डं पुसून टाकली. ते फोटो परत मिळाले नाहीत, आणि त्या घरी काय सांगायचं म्हणून तो माझ्या दुकानात बराच वेळ नुसता बसून होता.

म्हणून एक्सएमपी बंद करेपर्यंत कोणतीही महत्त्वाची फाइल उघडून परत सेव्ह करू नका. जुना बॅकअप असेल तर त्याला हात लावू नका, त्यावर नवी कॉपी चढवू नका. एक्सएमपी बंद केल्यावर वेगळ्या डिस्कवर नवीन फोल्डर करून त्यात कॉपी घ्या आणि जूनपासून केलेल्या फाइली एकेक उघडून डोळ्यांनी बघा.

आता दुसरा आजार, चहाचा. एक्सएमपी बंद केल्यावर तोही थांबला तर देव पावला, हा भाग सोडून द्या. पण वहीत ० च्या नोंदी येतच राहिल्या, तर माझा संशय एसएमपीएसवर आहे. मात्र 'एसएमपीएस बदला' म्हणणारे सहसा जे कारण सांगतात त्यासाठी नाही. 'लोड झेपत नाही' असं असतं तर कोरल आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरात असताना बंद पडला असता. तुमचा बरोबर उलट्या वेळी पडतो. रायझन प्रोसेसर काम नसताना जवळजवळ झोपतो आणि त्याची विजेची मागणी एकदम खाली येते. जुन्या घडणीच्या काही एसएमपीएसना इतक्या कमी मागणीवर व्होल्टेज स्थिर ठेवता येत नाही. ते डळमळतं आणि कॉम्प्युटर बंद होतो. याची दखल घेऊनच बायोसमध्ये एक सेटिंग दिलेलं असतं: एएमडी सीबीएसच्या मेनूत 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल'. ते ऑटोवरून 'टिपिकल करंट आयडल'वर न्या. प्रोसेसर मग पूर्ण झोपत नाही, वीज किंचित जास्त जाते, बाकी काही बिघडत नाही. नंतर दोन दिवस मुद्दाम चहाला उठा. शक्य तितक्या वेळा.

तुम्ही म्हणाल, हाच एसएमपीएस जुन्या बोर्डावर चालत होता की. चालत होता. पण जूनमध्ये ज्या झटक्यानं बोर्ड गेला, तो भिंतीतून आला असेल तर आधी एसएमपीएसमधूनच गेला. त्यातून तो धडधाकट सुटला असेल हे गृहीत धरू नका. बायोसमध्ये व्होल्टेज दिसतात: १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५. आकडा बाहेर असेल तर निकाल लागला. आत असेल तर मात्र निर्दोष सुटका नाही, कारण ते वाचन ढोबळ असतं आणि क्षणभराची घसरण त्यात पकडली जात नाही. सेटिंग बदलूनही फरक पडला नाही तर विकत घेण्याआधी कुणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस मागून आणा. सेटिंगनं फरक पडला तरी गणपतीनंतर नवा घ्या असंच मी सांगेन. केबल सुट्या होणारा घेतलात तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. टोकं सारखी दिसतात, बसतातही, पण एसएमपीएसच्या बाजूची जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीची केबल लावली तर एसएसडी पहिल्याच सेकंदाला जळू शकते, आणि तिच्यात तुमचं सगळं काम आहे.

मुंग्यांबद्दल तुम्ही 'आधीपासूनच येतात' असं लिहून पुढे गेलात. दादा, हे मला बिलकूल चालणार नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून अर्थला आणि एक न्यूट्रलपासून अर्थला. अर्थिंग शाबूत असेल तर त्यातून जाणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजला लटकत राहतो आणि तुमच्या बोटातून वाट शोधतो. तो करंट जीव घेण्याइतका नसतो, पण तो सांगतो की तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत अर्थिंग पोचत नाही. उद्या फ्रिजमध्ये किंवा गीझरमध्ये खरी गळती झाली तर तिलाही जायला वाट नसू शकते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींमध्ये मी हे कितीदा तरी पाहिलंय: तीन भोकांचं सॉकेट, आणि वरच्या भोकाच्या मागे वायरच नाही. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून वायरिंगला कोणी हात लावत नाही, आणि त्या बोलण्यात दहा वर्षं जातात. या आठवड्यात वायरमन बोलवा. आधी एक्स्टेन्शन बोर्ड तपासायला सांगा, दोष तिथेही असू शकतो. मग सॉकेट, मग मीटरपाशी मुख्य अर्थ. जमलं तर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीही (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. अर्थिंग नीट झाल्यानं रिस्टार्ट थांबेल असं मी म्हणत नाही. ते तुमच्यासाठी करायचं आहे.

आता राहिलेल्या गोष्टी. प्रोसेसरजवळची आठ पिनांची केबल खटकन बसली आहे ना, एकदा दाबून बघा. जुना बोर्ड मोठा आणि नवा आखूड असेल, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड टेकवायचा जुन्याचा एखादा पितळी खांब नव्याच्या पाठीला भिडून राहिला असण्याची शक्यता असते. त्यानंही असाच अधूनमधून शॉर्ट होतो. वरच्या दोन्ही उपायांनी भागलं नाही तरच बोर्ड बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा आणि तिथे चालवून बघा. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून ग्राफिक्स कार्ड लावावं लागेल. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीतून आला तिच्यावर मात्र ठेवू नका, तिचा बाहेरचा थर वीजवाहक असू शकतो. खोक्यावर दिवसभर चालला आणि कॅबिनेटमध्ये पडला, तर खांब मोजा.

फॉरमॅट मारणं सगळ्यात शेवटी. ते सांगणारा चुकीचा नाही, फक्त फार लवकर सांगतोय. रॅम डळमळीत असताना विंडोज टाकलं तर ते टाकतानाच बिघडू शकतं. आधी चिपसेटचा ड्रायव्हर एएमडीच्या किंवा बोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घाला, जुन्या बोर्डाचे राहिलेले प्रोग्राम काढून टाका. फॉरमॅट करायचाच झाला तर आधी फॉण्टचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) आणि त्याचं सॉफ्टवेअर हाताशी आहे का बघा, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइली उघडतील पण अक्षरं चौकोन दिसतील. विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाला बांधलेलं असू शकतं, तेही आधी तपासा. अजून विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवं टाकताना ११ च टाका, हा प्रोसेसर त्यात चालतो. बायोस अपडेट करायचं असेल तर रॅम पास झाल्यावर आणि यूपीएसवर. मध्येच लाइट गेली तर चांगला बोर्ड हातचा जाईल.

बोर्ड लगेच परत करू नका, पण परत करायची तयारी ठेवा. बिल, खोकं, सिरियल नंबरचं स्टिकर जपा आणि वॉरंटीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन चांगल्या स्टिक, मागून आणलेला एसएमपीएस, खोक्यावरची परीक्षा, हे सगळं करूनही बंद पडला तर दोष बोर्डात आहे असं मीही म्हणेन. तेव्हा दुकानात फक्त तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. 'चांगला आहे' म्हणणाऱ्या दुकानदारासमोर तारखा आणि आकडे ठेवले की बोलणं बदलतं. नाहीच बदललं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि गणपतीची कामं. कार्यक्रमपत्रिकांची मुदत कॉम्प्युटरच्या तब्येतीवर सोडू नका. एक्सएमपी आत्ताच बंद करा, मग ज्या तयार आहेत त्यांची आज पीडीएफ करा, ती मुलाच्या मोबाइलवर उघडून प्रत्येक पान नीट वाचा आणि छापखान्यात पाठवून द्या. मेमटेस्ट शनिवारी रात्री लावा. रविवारी सकाळी स्क्रीनचा फोटो आणि वहीचं पान मला पाठवा. चुकांच्या रकान्यात काहीही असलं तरी पाठवा, पुढचं मी तुमच्याबरोबर बघते.